ऐतालदादाची गाडी गरम ठेवण्याबाबत

आधीच माफी मागते, शुद्धलेखन चुकेल. नववीनंतर शाळा सोडली. शिवाय फोनवर एका बोटाने लिहितेय, म्हणून हळू. शेजारची मात्र्योना मावशी समोर चहा पीत बसलीय आणि दर ओळीला विचारतेय, "झालं का गं? की नदी वितळायची वाट बघतेस?"

मी, कुन्नेय अफानास्येव्ना स्लेप्त्सोवा, वय अठरा पूर्ण, राहणार बेस-क्युएल, लेना नदीकाठी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी दम दिलेला नसताना हे लिहून ठेवते. मला काही आजार नाही. सोमवारी प्रोकोपीमामाच्या ट्रकवर उत्तरेला निघायचंय, गोठलेल्या नदीवरून. बर्फ फुटून ट्रक बुडतात, सगळ्यांना माहीत आहे. ग्रामकचेरीतल्या बाई म्हणाल्या, नावावर काही असेल तर फोनवर लिहून, खाली बोटाने सह्या घेऊन पाठव, मी छापून ठेवते. घर माझ्या भावाच्या नावावर आहे, माझ्या नावावर गॅरेज. बाबांनी मरायच्या आधी असं वाटून दिलं. का, ते सांगितलं नाही. पण घरापेक्षा मी तिथेच जास्त असायचे.

एक. गॅरेज माझ्यानंतर मोठा भाऊ ऐताल याचं. त्यात लोखंडी चूल, धुराडं, बाबांची पान्यांची पेटी, जॅक आणि भिंतीला लागून रचलेली लाकडं आली. अट एकच, चावी त्याने स्वतः येऊन घ्यायची. पोस्टाने नाही, कुणाच्या हाती नाही. चावी मात्र्योना मावशीकडे राहील. आणि त्यासाठी मी मरायलाच पाहिजे असं काही नाही. दादा कधीही आला तरी चालेल.

दोन. आतली पांढरी गाडी मला देता येत नाही, ती दादाचीच आहे. तो तीन हिवाळे झाले अल्दानच्या सोन्याच्या खाणीवर आहे. लोक थंडीत गाडी गोधडीत गुंडाळून वसंतापर्यंत सोडून देतात, तशी मी सोडली नाही. रोज चूल पेटवते. दादा आला आणि त्याने किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला पाहिजे. बाहेर उणे पन्नास असलं तरी.

आम्ही रविवारी फोनवर बोलतो. तो विचारतो, "लाकडं आहेत ना?"

मी म्हणते, "आहेत."

"गाडी?"

"बरी आहे."

 मग तिकडून नुसता मशीनचा आवाज येतो. मला 'ये' म्हणायचं असतं, पण जीभ उचलत नाही. तो म्हणतो, "बरं, ठेवतो." ठेवतो तोच. मी नंतरही कानाला धरून बसते.

तीन. मी नसताना चूल मात्र्योना मावशी बघणार. मावशी, तुला हे पाठ आहे, तरी लिहिते. गाडी आत चालू करायची नाही. दार उघडं असलं तरी नाही, आधी ढकलून बाहेर काढायची. पेट्रोलचे कॅन बाहेरच्या खोपटात. चुलीजवळ चिंध्या नकोत, तेलाच्या तर नकोतच. दाराखालची हवेची फट कापसाने बुजवायची नाही, पाय गारठले तर लोकरीचे बूट घाल. पाणी गोठणार नाही एवढीच ऊब पुरे, गाडीला घाम आणायचा नाहीये. गारठलेल्या काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडकते. धुतलीस तर दारांची रबरं कोरडी पुसून ग्लिसरीन लाव, नाहीतर बाहेर गेल्यावर दारं चिकटतात.

आणि धुराड्यातली झडप. निखाऱ्यावर निळी ज्योत नाचतेय तोवर हात लावायचा नाही. सगळं काळं पडलं, राख ढवळून बघितली, मगच बंद कर. शंका आली तर उघडीच ठेव. ऊब गेली तर जाऊ दे, लाकडं आणखी आहेत. भिंतीवरचा विषारी वायूचा भोंगा वाजला तर आधी बाहेर पळ, विचार नंतर कर. पहिला घास चुलीला द्यायला विसरू नकोस, लोणी लावलेली पुरी. दादा द्यायचा तशी, न बोलता.

चार. प्रोकोपीमामाला मी त्याचं एक वाक्य परत देते.

तीन हिवाळ्यांपूर्वी मी गॅरेजात गाडीच्या दारांच्या रबरांना ग्लिसरीन लावत होते. दादाने धुराड्याची झडप बंद केली, ऊब टिकावी म्हणून. आमच्याकडे सगळेच लवकर बंद करतात. मामाही करायचा. पण निखारे जिवंत असले की विषारी वायू आतच कोंडतो, आणि त्याला वास नसतो. माझं डोकं जड झालं, पुढचं आठवत नाही. दादा स्वतः धडपडत होता, तरी त्याने मला ओढत बर्फात काढलं. त्याच्या डोक्यावर टोपी नाही. डाव्या कानाची पाळी थंडीने काळी पडून गळाली.

मी दवाखान्यातून आले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "शाब्बास! चार लाकडं वाचवलीस आणि बहीण जाळत होतास."

 त्याच आठवड्यात दादा खाणीवर निघून गेला. गाडीसुद्धा नेली नाही.

मामा, ते वाक्य तुझं तू घे. आमच्या घरात ठेवायला जागा नाही. त्याने मला मारलं नाही, मी आहे. मला राग कधी आलाच नाही. मला फक्त तो पाहिजे.

पाच. बँकेत जे आहे त्यातून पुढच्या हिवाळ्याची लाकडं घ्यावीत. मात्र्योना मावशी साक्षीदार, म्हणून तिला काही देता येत नाही असं कचेरीतल्या बाई म्हणाल्या. मावशी म्हणते, "मेलीस तर तुझी निळी शाल मी तशीही घेणार."

एवढं झाल्यावर मामा आला, सही करायला. बूट न काढता माझा फोन घेऊन वाचायला लागला. चौथं कलम आलं तेव्हा खाली बसला.

"हे काढ," म्हणाला.

"नाही."

"कचेरीत सगळे वाचतील गं."

"तेव्हाही सगळ्यांनी ऐकलं होतं."

मावशी म्हणाली, "प्रोकोपी, पोरगी एका दमात एवढं बोलली. सही कर आणि गप्प बस."

"हे कसलं मृत्युपत्र? हे तर भावाला बोलावणं आहे."

"मग? कळलं ना तुला?"

मामाने फोन परत माझ्यापुढे केला. "मी म्हणतो ते लिहून घे तिथेच," म्हणाला, "मी ते वाक्य घेतलं. परत देत नाही कुणाला." मग खिशातून स्वतःचा फोन काढला. म्हणाला, "त्याचा नंबर टाक माझ्या फोनमध्ये. नाही, तू नको बोलूस. मलाच बोलायला पाहिजे."

आता तो बाहेर अंगणात उभा आहे. काचेवर बर्फाची नक्षी आहे, मला फक्त त्याची सावली दिसते. फोन कानालाच आहे. एवढा वेळ कुणी बोलत असेल तर पलीकडून कुणीतरी ऐकत असणार.

वरचं सगळं माझं आहे आणि मला मान्य आहे.

लिहिणारी: कुन्नेय स्लेप्त्सोवा
साक्षीदार: मात्र्योना येगोरोव्ना वासिल्येवा
साक्षीदार: प्रोकोपी निकोलायेविच गोरोखोव (बाहेरून आल्यावर सही करेल)
ठिकाण: बेस-क्युएल
तारीख: सात फेब्रुवारी

ता.क. दादा, दुकानात संत्री आलीत.