मी सांगितलं आणि मतदान घटलं

तीर्थस्वरूप आत्या,

तुला नमस्कार. साष्टांग घालायचं मनात होतं, पण माझ्या खोलीत साष्टांग घातला की पाय दाराबाहेर व्हरांड्यात जातात आणि शेजारची नर्स ड्यूटीवरून येताना त्यांना अडखळते, तेव्हा नुसते हात जोडलेत असं समज. तुझा डोळा कसा आहे? वाकू नका, जड उचलू नका आणि कोणावर ओरडू नका, असं डॉक्टरांनी बजावल्याचं आईने कळवलं. पहिल्या दोन गोष्टी तू पाळत असशील. (तिसरी पाळलीस तर डोळा सुधारेल, पण बाकीच्या प्रकृतीचं मला भय वाटतं. जन्मभर मुख्याध्यापिका राहिलेल्या माणसाचा आवाज असा एकाएकी बंद करणं बरं नव्हे.) माझं ठीक चाललंय. खोकला आहे, पण तो माझा नाही, इमारतीचा आहे. इथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाला तो खोलीबरोबर मिळतो.

मी नक्की करते तरी काय, असं तू मागे विचारलं होतंस. राज्यशास्त्र म्हणजे राजकारण असं धरून तू तुझ्या भिशीत सांगितलंस, आणि मग तुझ्या दोन मैत्रिणींनी आपापल्या जावयांच्या बदलीसाठी मला पत्रं धाडली. त्यांना सांग की मला स्वतःची खुर्ची हलवायलासुद्धा विभागप्रमुखांना विचारावं लागतं. माझं काम इतकंच, की सरकार एखादी सोय बंद करतं, शाळा म्हण, दवाखाना म्हण, बसची फेरी म्हण, तेव्हा तिथली माणसं चिडून जास्त मतदान करतात की वैतागून घरी बसतात, हे शोधायचं. तुला वाटेल यात शोधायचं काय, माणसांना विचारावं. आमच्यात तसं चालत नाही. माणसं काय वाटेल ते सांगतात. आम्ही ती मोजतो.

यासाठी मी कारखान्यामागची वस्ती निवडली. तिथली लहान शाळा सरकारने बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकली होती. त्या रस्त्याला सिग्नल नाही. (तो मोठ्या शाळेच्या योजनेतच होता म्हणतात, शाळा झाली, सिग्नल योजनेतच राहिला.) मुलं गेली, मास्तर गेले, पण इमारत होती तशीच राहिली आणि निवडणूक आली की मतदान मात्र त्या बंद शाळेतच व्हायचं. मी चिठ्ठ्या टाकून गल्ल्यांचे दोन भाग केले. एका भागात घरोघर जायचं, मतदानाचा दिवस, वेळ आणि जागा समजावून सांगायची, कृपा करून जा म्हणायचं. दुसऱ्या भागाकडे ढुंकूनही बघायचं नाही. मतदान झालं की कोण येऊन गेलं आणि कोण नाही एवढं सरकारी कचेरीत बघायला मिळतं (कोणाला दिलं ते नाही, तू घाबरू नकोस), ते बघायचं आणि माझ्या सांगण्याने किती फरक पडला ते काढायचं.

घरोघर फिरण्यात काय काय झालं ते सांगत बसले तर तुझा दुसरा डोळाही थकेल. एका घरी मला पाण्याच्या पाइपवाली समजून थेट मोरीत नेलं. एका बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मी निघाल्यावर मुलीला म्हणाल्या की असं शिकून शेवटी दारोदार फिरायचंच असेल तर तू आत्ताच शाळा सोड. त्या सबंध वस्तीत मला बस म्हणणारं घर एकच निघालं, कप्तानांचं. ते कसलेही कप्तान नव्हते. कारखान्यात उभा जन्म लेथ मशीनवर गेलेला, गुडघे तिथेच ठेवून आलेले, आणि तरुणपणी कामगारांच्या फुटबॉल संघाचं नेतृत्व एकाच सामन्यात केलेलं, तोही हरले. पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांच्या पत्नी, आजी, चहा टाकेपर्यंत त्यांनी माझं भाषण शाळकरी पोरासारखं ऐकून घेतलं, मग म्हणाले, ‘‘मी तर जाणारच आहे गं. आजवर एकदाही चुकलो नाही. माझ्यावर कशाला वेळ घालवतेस, पुढच्यांकडे जा.’’ मी त्यांच्या नावापुढे मनात बरोबरची खूण केली आणि पुढच्यांकडे गेले.

निवडणूक झाली, मी कचेरीत जाऊन आकडे काढले आणि आत्या, ते पुन्हा दोनदा मोजले. ज्या गल्ल्यांत मी हात जोडत फिरले होते तिथलं मतदान घटलं होतं. ज्यांचं मी तोंडही पाहिलं नव्हतं, त्या गल्ल्या नेहमीसारख्या जाऊन मत देऊन आल्या होत्या. घटही अशी किरकोळ नव्हे, बघवणार नाही अशी. तू लहानपणी म्हणायचीस की ही जिथे पाऊल टाकते तिथलं दूध नासतं. त्याला आता आकडेवारीचा आधार मिळाला.

मी रडवेली होऊन सरांकडे गेले. आमच्या सरांना मुलं ‘तात्पर्य’ म्हणतात, कारण ते काहीही ऐकलं की डोळे मिटून ‘तात्पर्य काय’ म्हणतात आणि मग स्वतःच सांगतात. त्यांनी आकडे पाहिले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते मला दहा वर्षांनी तरुण दिसले. तात्पर्य असं निघालं की नागरिकाला उपदेश केला की तो हट्टाला पेटतो. सरकारने आधी शाळा काढून घेतली, वर विद्यापीठाची बाई येऊन मतदान कर म्हणते, तेव्हा मतदार घरी बसून आपला निषेध नोंदवतो. मला ते ऐकताक्षणीच पटलं. (आपल्या नालायकीचं कोणी तत्त्वज्ञान करून दिलं तर कोणाला पटणार नाही?) मग परिसंवाद झाला. एका बड्या विद्वानांनी माझं वर्णन ‘धाडसी’ असं केलं. विभागप्रमुखांनी जिन्यात मला ओळख दाखवली. वर्षाच्या करारावरची मी, मला कायम करण्याची भाषा सुरू झाली. हे सगळं त्या वॉर्डातून निवडून आलेल्या गृहस्थांच्याही कानावर गेलं. त्यांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि फार अदबीने विचारलं की पुढच्या खेपेला मी त्यांच्या विरोधकांच्या गल्ल्यांत जाऊन लोकांना मतदानाचं महत्त्व पटवून देऊ शकेन का. मी हसले. ते हसले नाहीत.

आता निबंध छापायला द्यायचा तर नुसते आकडे पुरत नाहीत, एखाद-दुसरा जिवंत माणूस लागतो. सरांनी सांगितलं, असा मतदार गाठ जो तुला नक्की जातो म्हणाला आणि गेला नाही. मी यादी चाळली तर पहिलंच नाव कप्तानांचं. आजवर एकदाही न चुकलेला माणूस, मी सांगितलं आणि चुकला. याहून देखणं उदाहरण मिळालं नसतं. मी खुशीत त्यांच्या दारात उभी राहिले, हे तुला सांगताना आता लाज वाटते.

दार आजींनी उघडलं. कप्तान जाऊन महिना होत आला होता. त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती आणि तिच्यावर धुतलेले टॉवेल होते. मी दारातूनच मागे फिरत होते, पण आजींनी बस म्हटलं, आणि कशाला आलीस विचारलं. मला खोटं सुचलं नाही. आजोबा मतदानाला का गेले नाहीत ते विचारायला आले होते, असं मी म्हणाले.

त्यांनी खुर्चीवरचा एक टॉवेल उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, ‘‘गेले होते की. तू सांगितलंस तिथेच गेले होते.’’

बंद शाळेला कुलूप होतं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात कचेरीने केंद्र तिथून हलवून रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत नेलं होतं आणि औषधाच्या दुकानापाशी तशी पाटी लावली होती. मी जागेची खात्री करून घेतली होती, पण ती त्याच्या आधी. नंतर त्या पाटीवरून मी रोज जात होते आणि माझं लक्ष माझ्या भाषणाकडे होतं. ज्या गल्ल्यांना मी काही सांगितलं नव्हतं त्यांनी आपली पाटी वाचली. माझ्या गल्ल्यांनी पाटी वाचायचं कारण नव्हतं, त्यांना विद्यापीठाच्या बाईने घरी येऊन सांगितलं होतं. ती सगळी माणसं दिवसभर त्या कुलपापाशी येत राहिली. काही वैतागून परत गेली, काहींना कामावर जायचं होतं. कप्तान काठी टेकत गेले होते. पायरीवर बसून त्यांनी वाट पाहिली, कोणीतरी उघडायला येईल म्हणून. मग कोणीतरी नवी जागा सांगितली तेव्हा उठून त्या मोठ्या रस्त्याच्या कडेपर्यंत गेले, गाड्या थांबेनात, गुडघे ऐकेनात. घरी आले आणि मुलाला, सुनेला मत देऊन आलो म्हणून सांगितलं. खरं फक्त आजींना सांगितलं, आणि वर म्हणाले, ‘‘ती पोरगी परत आली तर तिला बोलू नकोस. तिने मनापासून सांगितलं होतं.’’

आजी म्हणाल्या, मी बोलणार नव्हते, पण तूच विचारलंस. मग चहा टाकायला उठल्या. मी तो प्यायले, आत्या. दुसरं काय करायचं ते मला कळेना.

मी सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि या वेळी बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाले, ‘‘चूक तुझ्या एकटीची असेल. पण निष्कर्ष आपल्या दोघांचा आहे.’’ निबंधाच्या तळाला एक टीप टाकू, बारीक अक्षरात, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती टीप मी लिहूनही पाहिली. चार-पाच दिवस पाहत होते. (मी फार तत्त्वाची आहे असं तुला वाटत असेल तर ते काढून टाक. टीप उत्तम जमली होती.) पण दर वेळी तिच्यात ‘काही मतदारांना’ असं यायचं आणि मला ते टॉवेल दिसायचे. शेवटी विभागाच्या बैठकीत उभी राहिले आणि सांगून टाकलं की मतदार हट्टाला पेटला नव्हता, मतदार कुलपापाशी उभा होता. मग एकांनी पंखा जरा कमी करायला सांगितलं आणि बैठक पुढे सरकली. माझा करार वाढवता येत नसल्याचं या सोमवारी कळलं. ते बड्या विद्वानांनी सुचवल्यावरून झालं की आपोआप, ते विचारायला मी थांबले नाही.

तेव्हा आता हे सगळं संपलं म्हणायचं. या सत्रानंतर मी घरी येईन, कुठेतरी शिकवेन, आणि निवडणुकीच्या वाटेला म्हणून जाणार नाही. तू काळजी करू नकोस. आईला यातलं कप्तानांपर्यंतचं सांग, पुढचं मी आल्यावर सांगेन. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घाल.

तुझी लाडकी (निदान आजवर होते ती)
भाची

ता. क. संपलं असं वर लिहिलंय, ते अगदी खरं नाही. मला खुर्ची देणारे ते गृहस्थ आणखी वरच्या खुर्चीवर गेले, त्यामुळे त्या वॉर्डात पुन्हा निवडणूक लागली आहे. मोठ्या शाळेचं छत गळायला लागलं म्हणून केंद्र पुन्हा हलवलंय, या वेळी रस्त्यापलीकडेच, पाण्याच्या टाकीशेजारच्या वाचनालयात. मी कचेरीत तीनदा जाऊन विचारलं. तिसऱ्यांदा तिथला कारकून मला पाहून जेवायला गेला.

दुसरा ता. क. पाटी त्यांनी लावली आहे, पण पाट्यांवर माझा आता भरवसा नाही, आणि घरोघर जायचं म्हटलं तर माझ्यावर त्यांचा नाही. (एक आजोबा मला तोंडावर म्हणाले की तू सांग कुठे जायचं ते, म्हणजे तिथे जायचं नाही एवढं पक्कं होईल.) म्हणून मी ठरवलंय की मतदानाच्या दिवशी सकाळपासून बंद शाळेच्या कुलपापाशी उभं राहायचं आणि येईल त्याला वाचनालयाकडे वळवायचं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, अशाने त्या वॉर्डाचे आकडे संशोधनाला कायमचे निरुपयोगी होतील. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले की आजींना रस्ता ओलांडून द्यायला ते स्वतः येतील. त्याचं तात्पर्य त्यांनी सांगितलं नाही.

तिसरा ता. क. आणि पत्राला कारण. बंद शाळेकडे काही माणसं जातील, मोठ्या शाळेकडे त्याहून जास्त जातील. चुकीची दारं दोन आहेत आणि मी एक. लांबून हाक मारल्यावर सबंध रस्त्याने जागच्या जागी थांबावं, असा आवाज आपल्या घराण्यात एकाच माणसाचा आहे. डॉक्टरांना काय सांगायचं ते आपण नंतर बघू. तू शनिवारच्या गाडीने निघ.