तातडी पक्षाची पुढची तारीख

१ जुलै, सकाळी ९.४०
आज अखिल भारतीय तातडी पक्षाची स्थापना झाली. स्थळ: आमचा व्हरांडा, चिखली. उपस्थित: मी (राष्ट्रीय अध्यक्ष), माझा कारकून इंद्रभान (राष्ट्रीय सरचिटणीस) आणि सौ. शरयू (चहा). घोषवाक्य: आज, आत्ता, ताबडतोब. बावीस वर्षं चिखलीच्या कोर्टात वकिली केल्यावर देशाचं दुखणं मला नेमकं कळलंय. या देशात वेळेवर काही होत नाही. स्थापना खरं तर १ मेला व्हायची होती, पण दोनदा पुढे ढकलावी लागली.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. राष्ट्रीय नेते पाचला उठतात.

२ जुलै
सव्वाआठ. कालची दगदग.

९ जुलै
कोर्टात सत्यभामाबाईची तारीख. ही भाजी विकणारी बाई माझी जुनी अशील. मंडईतल्या तिच्या ओट्यावर नगरसेवक माणिकराव यांनी टिनाचं दुकान ठोकलं, त्याचा दावा. बाई अकरा वर्षं प्रत्येक तारखेला सकाळी दहालाच येऊन पायरीशी उभी राहते. आज साक्षीची तयारी नव्हती, कारण मी पक्षाची घटना लिहीत होतो. पुढची तारीख घेतली. सहज मिळाली. तारीख मागण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. बाहेर आल्यावर बाई म्हणाली, वकीलसाहेब, माहा ओटा मले मी जित्ती असताना भेटन ना? मी म्हणालो, आता प्रश्न फक्त तुमच्या ओट्याचा नाही, राष्ट्राचा आहे. ती म्हणाली, हाव, पण मी तं ओट्याचंच विचारून राह्यली.
जनतेला व्यापक विचार शिकवावा लागेल.

२ ऑगस्ट
पक्षाचा राष्ट्रीय विस्तार. इंद्रभानला घेऊन नांदुऱ्याला गेलो. तिथे मेन लाइन आहे. गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात खिडक्यांतून चारशे पत्रकं आत टाकली. गाडी पुढे हावड्याला जाते. म्हणजे उद्या सकाळपर्यंत पक्ष चार राज्यांत पोहोचला. इंद्रभान म्हणाला, साहेब, एका बाईनं पत्रकावर पोराले चिवडा देल्ला. हरकत नाही. पत्रक हातात तर गेलं.

१९ ऑगस्ट
दिल्लीहून निवडणूक आयोगाचं पत्र. पक्षाच्या नोंदणी अर्जात तीन त्रुटी, तीस दिवसांत दूर करा. दिल्लीने आपली दखल घेतली, हे महत्त्वाचं. लगेच मुदतवाढीचा अर्ज लिहिला. पाच कारणं दिली, त्यातलं एक खरं आहे. शरयू म्हणाली, अहो, या अर्जाला चार तास लागले, त्रुटी तासाभरात निघाल्या असत्या. ती शाळेत गणित शिकवते. वकिलीत सरळ हिशोब चालत नाही.

५ ऑक्टोबर
पहिलं राष्ट्रीय अधिवेशन तहकूब. सुलतानपूरचे प्रतिनिधी आले नाहीत. सुलतानपूरचे प्रतिनिधी म्हणजे शरयूचा भाऊ. सोयाबीन काढणी चालू आहे म्हणे.

४ नोव्हेंबर
नगरपरिषदेची निवडणूक लागली! संसदेची वाट आपल्या प्रभागातून जाते. आमच्या प्रभागात माणिकराव तिसऱ्यांदा उभे आहेत. मी त्यांना पाडणार. पक्षाची नोंदणी नसल्यामुळे तूर्त अपक्ष म्हणून लढेन. राष्ट्रीय अध्यक्षाने अपक्ष लढण्यात एक वेगळंच वजन आहे.

१० नोव्हेंबर
मोठे पक्ष नेहमी एक डमी उमेदवार ठेवतात. मुख्य अर्ज बाद झाला तर हाताशी असावा म्हणून. आपण कशात कमी नाही. इंद्रभानला सांगितलं, सत्यभामाबाईच्या नावाने डमी भर. ती त्याच प्रभागातली आहे, आणि नंतर अर्ज मागे घ्यायला कुरकुर करणार नाही. बाईने विचारलं, तारखेवर यायचं हाय का? मी म्हणालो, हो, तसंच समजा. बाई तयार.

१३ नोव्हेंबर
इंद्रभानने डमी अर्ज कालच दाखल केला. सगळे कागद जोडून. आता तो माझ्या मागे लागलाय, साहेब तुमचा काऊन नाही भरून राह्यले? घरी संडास आहे आणि आपण तो वापरतो, असं लिहून द्यावं लागतं म्हणे. राष्ट्रीय अध्यक्षाने असलं काही लिहून द्यावं का, यावर विचार करतोय. अजून चार दिवस आहेत.

१७ नोव्हेंबर, रात्री
शेवटचा दिवस. वेळ तीनपर्यंत. हलगी लावून मिरवणुकीने २.२० ला निवडणूक कचेरीत पोहोचलो. निवडणूक अधिकारी साहेबांनी अर्ज चाळला, सगळं ठीक, फक्त तो संडासचा कागद नाही. म्हणाले, साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्या, चालेल.
आता बावीस वर्षांची सवय. मी उठून उभा राहिलो आणि मुदत मागितली. नैसर्गिक न्यायावर बोललो, लोकशाहीवर बोललो, संडास ही खाजगी बाब असल्यावर बोललो. इतकं सुंदर मी वर्षानुवर्षं बोललो नव्हतो. रांगेतले लोक वळून बघत होते. इंद्रभान कोरा कागद आणि पेन घेऊन माझा कोट ओढत होता, पण युक्तिवादाच्या मध्ये कोणी कोट ओढू नये. संपवलं तेव्हा साहेब म्हणाले, फार छान बोलता तुम्ही. तीन वाजून गेले.
तारीख मिळाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
शरयूने जेवताना एकच प्रश्न विचारला, दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? वाईट वाटलं आज. खरंच वाटलं.

१८ नोव्हेंबर
विचाराअंती हे डावपेच म्हणून उत्तमच झालं. राष्ट्रीय नेत्याने एका प्रभागात अडकून पडू नये. सत्यभामाबाईला पक्षाचा पाठिंबा जाहीर केला. तिने ऐकून घेतलं आणि वांगी तोलत राहिली.

२६ नोव्हेंबर
चिन्हवाटप. मी छत्री सुचवली. बाई भेंडीवर अडून बसली. म्हणे, मी रोज विकतो, लोकायले माहीत हाय. मी पक्षाची विचारसरणी आणि भेंडी यांचा संबंध विचारला. इंद्रभान म्हणाला, दोन्ही ताजी पाह्यजे. हा माणूस हल्ली फार बोलतो.

३० नोव्हेंबर
मंडईत माझी सभा. सव्वा तास बोललो. शेवटी चौघे उरले, त्यांपैकी दोघे खुर्च्यांसाठी. बाई भाषण करत नाही. ती घरोघर जाऊन विचारते, तुमचं काय काम अटकून राह्यलं? आणि इंद्रभानकडून वहीत लिहून घेते. यात राजकारण कुठे आहे, मला कळत नाही.

२१ डिसेंबर
जिंकलो! २१२ मतांनी! तातडी पक्षाची पहिली जागा. गुलाल पडला. मी हात वर केले, पण लोकांनी बाईला उचललं. उंचीमुळे असेल.

२९ डिसेंबर
माणिकरावांनी ओट्यावरचं टिन स्वतःहून काढलं. बाईने फक्त जाऊन म्हटलं म्हणे, माणिकभाऊ, सांजपर्यंत उचलता का? संध्याकाळी ओटा मोकळा. दावा निकाली. माझ्या मार्गदर्शनाखाली. बाईने फाइल परत मागितली, दिली. देण्याआधी तारखा मोजल्या. सत्तावन्न. सत्तावन्न वेळा मी यशस्वी झालो होतो.

५ जानेवारी
इंद्रभान आता रोज संध्याकाळी ओट्यावर लोकांचे अर्ज लिहितो. सरचिटणीसपदाचा राजीनामा मागावा, तर तो म्हणतो, कोणतं पद, साहेब?

६ जानेवारी, मंगळवार
पक्ष कार्यालयासमोरचा, म्हणजे आमच्या घरासमोरचा, रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे. निवेदन घेऊन ओट्यावर गेलो. सत्यभामाबाई मेथीच्या जुड्यांमागे बसल्या होत्या, पुढे वीस माणसं. माझा नंबर आला तेव्हा हसून म्हणाल्या, वकीलसाहेब, अर्जावर खांबाचा नंबर नाही. पुढच्या मंगयवारी या.

१३ जानेवारी, मंगळवार
सकाळी दहालाच पोहोचलो. खांबाचा नंबर नेला, अर्जावर सही राहिली. मुदत मागायला तोंड उघडलं, तर मागच्या म्हातारीने हातात पेन दिलं. सही केली. दोन सेकंद लागले. तोवर बाई मुख्याधिकाऱ्यांकडे निघून गेल्या होत्या. आता वीस तारीख.
दोन तास उभं राहिलं की पोटऱ्या फार दुखतात. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सत्यभामाबाईंनी सांगितलं असेलही. तेव्हा मी पुढची तारीख लिहून घेत असेन.