तुमच्या पानावरची भाकरी

आण्णा,

तुम्ही जेवायचात फार छान. हे आधीच सांगून टाकते, नंतर मला ते लिहावंसं वाटेल याची खात्री नाही. यंत्रमागावरची पाळी संपवून यायचात, हातपाय धुवायचात, पाटावर मांडी घालायचात, आणि मग घरात दुसरं काही चालायचं नाही. ज्वारीची भाकरी, घट्ट आमटी, एखादी पालेभाजी, शेंगाची चटणी नि तिच्यावर दही, बुक्कीनं फोडलेला कांदा, शेवटी ताक. एकेक घास तोंडात घोळवून, चावून चावून खायचात. घाई म्हणून नाही. "पोट असं भरावं, की रातच्यापत्तूर खाण्याची याद येऊ नये," असं म्हणायचात, आणि खरंच तुम्हाला मधे काही लागायचं नाही. ना भजी, ना फरसाण. तोवर आई भिंतीला टेकून उभी. तिच्या पोटात सकाळपासून नुसता चहा. भूक मारायला ती चहात साखर जास्त घालायची आणि पुन्हा पुन्हा प्यायची. तुम्ही उठलात की तुमच्याच ताटात उरलंसुरलं घेऊन, मोरीपाशी उकिडवी बसून, कुणी मागं लागल्यासारखी गिळायची. तिचं जेवण मी कधी बघितलंच नाही म्हणा ना. मी पाणी प्यायला वळले की तिचं ताट घासून व्हायचं.

परवा सरकारी दवाखान्यात आहार सांगणारी बाई आईला समजावत होती. आईला साखर आहे, जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. तर ती पोरगी म्हणाली, आजी, वेळेवर जेवायचं, खाली निवांत बसायचं, चावून खायचं. पोट भरलंय हे डोक्याला कळायला वेळ लागतो. भाकरी ज्वारीचीच खा, पण सोबत डाळ, उसळ, पालेभाजी, काकडी हवी. म्हणजे पोट भरलेलं राहतं आणि मधेमधे चहा-बिस्किटाची आठवण होत नाही. आईनं पदर तोंडाला लावला आणि हसली. "आगं, ह्ये तर तुजे आण्णा सांगायचे की!" मला म्हणते. बघा. तिला तुमचा अभिमान वाटला त्या वेळी. मला त्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून भिंतीवर मारावासा वाटला. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आण्णा. पोट कसं भरायचं हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याच घरात तुम्ही एका बाईला जन्मभर उपाशी उभं ठेवलंत.

तुम्ही तिला भाकरी खाल्ली म्हणून मारलंत. कुणी विचारलं तर मी हे असंच सांगते. भांडण नव्हतं, दारू नव्हती. भाकरी. मी चौथीत असेन. आईला ताप होता, आदल्या दिवसापासून तिनं काही खाल्लं नव्हतं, आणि तरी ती भाकरी थापत होती. तव्यावरची एक चतकोर तिनं मीठ लावून तोंडात टाकली. तेवढ्यात तुम्ही दारात. लाईट गेली म्हणून माग बंद पडले होते नि तुम्ही लवकर आला होतात. तुम्ही काही विचारलं नाही. नुसतं म्हणालात, "तोंड उघड." ही तुमची सवयच होती, नाही का? बैल घेताना दात बघतात तसं तुम्ही तिचं तोंड बघायचात. आईनं तोंड उघडलं. जिभेवर चुरा होता.

पहिल्या थपडेला ती भिंतीवर आदळली. दुसरी कानावर बसली. मग तुम्ही ताट उचललंत, त्याची कड तिच्या भुवईवर हाणलीत, केस धरून तिला मोरीत नेलंत आणि घशात बोटं घातलीत. "माझ्या आधी? माझ्या आधी खातीस व्हय गं? कुत्रं सुदिक थांबतंय की!" तिनं ओकून काढलं सगळं. काढायला होतं तरी काय, चतकोर! मी ज्वारीच्या डब्यामागं बसले होते, आणि परातीतल्या पिठात लाल ठिपके पडलेले मला दिसत होते. मग तुम्ही हात धुतलेत, पाटावर बसलात, आणि म्हणालात, "वाढ." तिनं वाढलं. एका हातानं पदर भुवईवर दाबून दुसऱ्या हातानं वाढलं. आणि तुम्ही जेवलात, आण्णा. नेहमीसारखं, सावकाश, चटणीवर दही घेऊन. मला बाहेर बोलावून शेजारी बसवलंत. "घाई करू नगंस पोरी, चावून खा. अंगाला लागतंय," असं म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तोच हात. मी चावत राहिले. तो घास किती वेळ माझ्या तोंडात होता देव जाणे.

डाव्या कानानं तिला तेव्हापासून ऐकू येत नाही. मी तिच्या उजव्या बाजूला बसते.

माझं लग्न तुम्ही थाटात करून दिलंत, जेवणावळीत स्वतः फिरून आग्रह केलात. त्या घरी एका दुपारी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून नवऱ्यानं ताट भिरकावलं. मला लागलं नाही, फरशीवर पडलं नुसतं. मी तो आवाज ऐकला, पिशवीत चार कपडे कोंबले आणि सोलापूरची एस.टी. धरली. लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी संसार मोडतं का? मोडतं. मी मोडला. तुम्ही सहा महिने माझ्याशी बोलला नाहीत, आणि मग एके दिवशी मागावरच छातीत कळ येऊन गेलात. मला रडू आलं नाही, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मला वाटलं, सुटली माझी आई. आता हिनं भूक लागली की खावं. कुठलं काय! शाळेचे गणवेश शिवतात त्या कारखान्यात मी कापड कापायला लागले, दुपारी घरी यायला उशीर व्हायचा, आणि ही भाकरी झाकून, भिंतीला टेकून माझी वाट बघत बसलेली. "कमावतं माणूस जेवल्याबिगर मी कशी जेवू?" म्हणजे तुम्ही गेलात आणि तिनं तुमच्या पाटावर मला बसवलं. मी ओरडले, शिव्या दिल्या, एकदा रागानं डब्याचं झाकण आपटलं. आपटल्याबरोबर तिचं कोपर तोंडावर आलं. मी तिची मुलगी, आणि माझ्यापुढं तिनं कोपर वर केलं! त्यानंतर मी घरात भांडंसुद्धा जोरात ठेवत नाही. साखर निघाली, सुई सुरू झाली, तेव्हा शेवटी आमची तडजोड झाली. मी लवकर यायचं, दोघींनी एकदमच बसायचं, पहिला घास मी घ्यायचा, मग तिनं. मी एवढासा तुकडा तोंडात टाकून म्हणायचे, "झालं बाई, कमावतं माणूस जेवलं, आता तू जेव." ती हसायची. वर्षभर हे बरं चाललं. चहा कमी झाला, साखर आटोक्यात आली.

आणि मग सर्वपित्री अमावास्या आली. तुमचं पान.

आईनं पहाटेपासून रांधलं. वडे, खीर, कढी, भात, आणि तुम्हाला आवडायची म्हणून ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, आंबाडीची भाजी. मी सुट्टी घेतली होती. जेवण तयार झालं तशी रोजच्या सवयीनं मी तिला सुई टोचली. पान वर ठेवायचं, कावळा शिवला की बसायचं, त्याला किती वेळ लागतोय? आम्ही गच्चीवर गेलो, कठड्यावर पान ठेवलं, पाणी सोडलं, हात जोडले. कावळा येईना. येणार कसा? रस्ता रुंद करताना समोरची झाडं पाडली, आणि उरलेल्या कावळ्यांना त्या दिवशी सोलापुरातल्या प्रत्येक गच्चीवर आमंत्रण. लांब तारेवर दोन बसले होते, पण पोटं फुगलेली. मी म्हटलं, "आई, चल खाली, जेवून घे. सुई झालीय तुझी." "कावळा शिवल्याबिगर? खुळी का काय तू?" मी दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. ती तुमच्याशीच बोलायला लागली. "काय ऱ्हायलंय तुमचं? सांगा की. तुमी म्हनाल तसं करीन. पन शिवा एकदा." उन्हात, उपाशी पोटी, हात जोडून. माझ्या डोक्यात असा जाळ झाला, आण्णा! मेलेल्या माणसाचं अजून काय राहतं हो? तिचा दुसरा कान राहिला होता काय?

मी पाणी आणायला खाली गेले आणि वर आले तर ती कठड्याला धरून खाली घसरत होती. घामानं चोळी भिजलेली, ओठ पांढरे, डोळे भलतीकडंच. साखर उतरली होती. मी धावत जाऊन पाण्यात साखर ढवळून आणली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पेला तोंडाला लावला. दात घट्ट. "आई, पी. पी गं!" ती मान झटकायला लागली. शेवटी मी तिचा जबडा धरला. बोटांनी, जोर लावून, गालात नखं रुतेपर्यंत धरला. आणि तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्याकडं नाही, तुमच्याकडं. आणि आपणहून तोंड उघडलं. मोठ्ठं. जीभ बाहेर काढून. "न्हाय खाल्लं वो मी. बगा की. काय न्हाय तोंडात. मारू नका."

मी त्या उघड्या तोंडात साखरेचं पाणी ओतलं. चमच्या-चमच्यानं, ती गिळते की नाही बघत, रडत, तुम्हाला घाण घाण शिव्या देत. शेजारच्या गच्चीवरची माणसं बघत होती. बघेनात का.

थोड्या वेळानं तिची नजर ठिकाणावर आली. "काय झालं गं?" म्हणाली. मी उठले, कठड्यावरचं पान उचललं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. "खा."

"आगं, त्येंचं पान हाय त्ये!"

"व्हय. त्यांचंच आहे. खा."

"कावळा—"

"आई, कावळा मेला. तू मरू नकोस. खा."

तिनं पानाकडं बघितलं, तारेकडं बघितलं. मी भाकरीचा तुकडा मोडून चटणी लावून पुढं केला. त्या वेळी तिनं मला पहिला घास घ्यायला सांगितलं नाही. तुकडा घेतला, तोंडात टाकला. अंगात त्राण नव्हतं म्हणून सावकाश चावायला लागली. मग दुसरा. मग आंबाडीची भाजी, कढी-भात, वडा. खिरीकडं बघून थांबली, तर मी म्हटलं, "घे, आज चालतंय." मी पहिल्यांदा माझ्या आईला चवीनं जेवताना बघत होते, आण्णा. तिच्या हनुवटीला कढी लागली होती. ती चटणी बोटानं पुसून चाटत होती, डोळे मिटून. कुणी मागं लागलं नव्हतं. पान चकचकीत झालं तेव्हा तिनं भिंतीला पाठ टेकली, पोटावर हात ठेवला. म्हटलं, पुन्हा काही होतंय का? तर म्हणाली, "भरलं की गं पोट." आणि मग, अगदी हळू, "असं असतंय व्हय?"

कावळे नंतर आले. कठड्यावर काही नव्हतं.

तर हे असं झालं. तुमचा पक्ष चुकला, तुम्ही उपाशी राहिलात, आणि आई आता रोज भूक लागली की ताट घेऊन बसते, मी घरी असो-नसो. परवा मी कामावरून आले तर ती जेवून झोपली होती. चक्क घोरत होती. हे पत्र मी तुमच्या फोटोमागं ठेवणार होते. मग विचार केला, भीमेत सोडावं. दोन्ही करणार नाही, फाडून चुलीत घालणार आहे. मला पन्नाशी आली, आण्णा, माझ्या हाताखाली वीस बायका काम करतात, आणि तरीही आम्ही तुमच्या आधी जेवलो हे तुम्हाला कळेल, याची मला भीती वाटते.