आबांचे ठिपके

माक्कुम, १२ मार्च २००३

चि. हिल्केस, बाउक्येताईचे अनेक आशीर्वाद. खोकला गेला असेल तर आणखी एक जास्त.

माझ्या रेन्स्केची लीसा आता चुरूचुरू बोलते. मे महिन्यात दोन वर्षांची होईल. नेहमीप्रमाणे खुर्च्या गोल मांडू, केक कापू आणि नातीच्या ओठांवर काळे ठिपके उठलेत का ते बघू. आबा म्हणायचे ना, ठिपके असतील तो आपला अस्सल, नाहीतर बोटीवरून उचललेला! तुझे ओठ कोरे, म्हणून किती रडायचीस तू.

मी बरी आहे. फक्त खालून सारखं पाणी जातं. डॉक्टरांनी कॅन्सरसाठीची पॅप टेस्ट केली, ती स्वच्छ आली. वयाचं असेल.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी बाउक्ये

ग्रोनिंगेन, १८ मार्च

ती. ताईस, बोटीवरच्या हिल्केचा शि. सा. न.

टेस्ट स्वच्छ आली म्हणून गप्प बसलीस? त्रिन्त्येआत्या ऐन चाळिशीत ‘पोटाने’ गेली, तिलाही ठिपके होते. मोठ्या इस्पितळात जा, आणि लिपस्टिक न लावता जा. माझ्यावर चिडलीस तरी चालेल.

रागासकट लोभ असावा.
हिल्के

माक्कुम, २० मे

चि. हिल्केस, आशीर्वाद.

तुझं ऐकलं, पण उशिरा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझे ओठच पाहिले. कॅन्सर गर्भाशयाच्या मुखाचा आहे, पण इतका आत की पॅप टेस्टला सापडलाच नाही. आता पसरलाय. पेशींना लगाम घालणारं एक जनुक असतं म्हणे. आपल्या ठिपकेवाल्यांत जोडीतलं एक जन्मतःच मोडकं. दुसरंही मोडलं की पेशींना रान मोकळं. रेन्स्केच्या रक्तातही तेच निघालं. तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला ठिपके दिसले म्हणून आपण टाळ्या पिटल्या होत्या गं. मला मरणाची भीती वाटते, पण तिच्याकडे तर बघवतच नाही.

लीसाचं रक्त तपासायचं रेन्स्के पुढे ढकलते. पोरीचे ओठ कोरे आहेत, म्हणते. काल मी लीसाला टोस्ट भरवला. ओठांवरचे जॅमचे डाग पुसले, एक जाईना. पुन्हा पुसला. रेन्स्केने दारातून विचारलं, एवढं काय पुसतेस? मी म्हटलं, जॅम.

रविवारी वाढदिवस. खुर्च्या मांडल्या जातील, सगळे सगळ्यांचं अभिनंदन करतील. तू आदल्या दिवशीच ये. मला एकटीला रेन्स्केला सांगवणार नाही.

तुझ्या लोभाच्याच आधारावर,
बाउक्ये