बारकं अंडं

२ फेब्रुवारी १९७५, पेडगाव

कोंबडी खुडूक झाली. दाणे टाकले तरी हलेना. आमची मंडळी, म्हणजे धुरपताबाई, तिच्याखाली ठेवायची अंडी निवडायला बसल्या. मी मोठीमोठी पुढे सरकवली.

"तुमी आपल्या पेपरात बातम्या द्या! थोराड अंड्यातलं पिल्लू आतच मरतंय. बारक्याचं निघतंय, पन तग धरत न्हाई. मधली बघा."

शाळेत संस्कृत शिकवण्यात, पेपराला बातम्या देण्यात एवढी वर्षं घालवली. हे कुणी सांगितलं नाही! तरी हट्टानं एक थोराड ठेवायला लावलंच.

आमची लेक कस्तुरा ओसरीवरून ऐकत होती. तिची मुलगी पौषात गेली, बारशाआधीच. अपुऱ्या दिवसांची, ओंजळीत मावेल एवढी. तेव्हापासून कस्तुरा माहेरीच आहे आणि बोलत नाही.

३ फेब्रुवारी

टोपलीत एक अंडं जास्तीचं — लिंबाएवढं! कुणी ठेवलं, विचारलं नाही. धुरपतानंही पाहिलं आणि कोंबडीला परत बसवलं.

११ फेब्रुवारी

धुरपता म्हणते, "नावबी न्हवतं लेकराला. इसरंल हळूहळू."

नाव मी दिवाळीतच सुचवलं होतं — मृणालिनी. मायलेकी पोट धरून हसल्या होत्या. "दादा, अन् एवढं म्हणायचं कुनी? लय जीभ अडकायली!" कस्तुराचं तेच शेवटचं हसणं.

२२ फेब्रुवारी

सगळ्यांत आधी बारकंच फुटलं! "दादा, निघालं!" — कस्तुराची हाक. मी चष्मा न लावताच धावलो.

२४ फेब्रुवारी

मधली सगळी निघाली. पिल्लं ठणठणीत, आईच्या मागे पळतात. माझं थोराड फोडून पाहिलं. आत पुरतं वाढलेलं पिल्लू, मेलेलं. धुरपता टोमणा मारेल वाटलं, तिनं टरफलं सुपात भरली.

बारकं उभं राहत नाही. कस्तुरा त्याला पदरात घेऊन बसते. बोटावर कण्या. "खा की गं."

२६ फेब्रुवारी

सकाळी गेलं.

मी उचलायला वाकलो. "राहू द्या, मी नेते." शेवग्याखाली तिनंच खड्डा केला. धुरपता म्हणाली, "बाकीची हायत की, बाई." कस्तुरा माती लोटत राहिली.

२७ फेब्रुवारी

"दादा, माझ्या पोरीला नाव होतं. मीच कानात सांगितलं."

"कोणतं गं?"

तिनं सबंध नाव घेतलं. मी दिवाळीत सुचवलेलंच. जीभ कुठंही अडकली नाही.