चार बोटांची दुमड

मंगळवार, लातूर. मृग लागला, पण आभाळ कोरडंच.

लातूर जिल्हा झालं म्हणून सुमीच्या शाळेनं गणवेश बदलला. निळ्याच्या जागी पांढरा. तिचा निळा झगा मी मागच्याच साली वाढत्या अंगाचा शिवला होता, खाली चार बोटं दुमड ठेवून. आज मी हेडमास्तरांना विचारलं, "सर, टँकरच्या पाण्यात पांढरं कसं धुवायचं?" तर म्हणाले, "आता आपलं जिल्ह्याचं ठिकाण आहे. मुलं स्वच्छ दिसली पाहिजेत."

दिसली पाहिजेत म्हणे.

घरी येऊन रागानं ती दुमड उसवली. आत कापड अजून नवंकोरं. माझा चेहरा बघून सुमी म्हणाली, "आई, मी सुट्टीत खेळणारच न्हाई, मग मळणार न्हाई."

वर्गात तर सगळी लेकरं मातीतच बसतात.