टूल निवेपर्यंत

खडेबाजार, बेळगाव
ता. १८ नोव्हेंबर १९४६

चि. परशराम यास,

नागोजीअण्णाचा आशीर्वाद. इथं आम्ही बरं हाय. गावाकडं कणकुंबीला भाताची कापणी आटोपली असंल. सकाळी धुकं अजून दारापात्तुर येतंय का? कारखाना सुटून तुला सहा म्हैनं झालं, एक पत्र न्हाय. तुझी वैनी रोज विचारती. मी काय सांगू?

मालकांनी विलायतेहून लेथवर लोखंड कापायचं दुसरं कार्बाइडचं टूल आणलंय. पूड दाबून, भट्टीत भाजून केलेला तसलाच सुपारीएवढा तुकडा, पोलादी दांड्याच्या टोकाला डकवलेला. किंमत ऐकून शेजारच्या लेथवरचा मष्णू म्हणाला, "अण्णा, एवढ्यात नेहमीच्या हायस्पीड स्टीलची बारा टूलं येत्यात की." येत्यात खरी. पण हे चाललं की लोखंडाची निळी साल निघत ऱ्हाती, धार लवकर जात न्हाय. बघता बघता मला गुंगी येती. त्या निळ्यात आपल्या गावचं डोंगार दिसत्यात. लेथच्या घरघरीत कुणीतरी "अण्णा" म्हणतं. मी मागं वळतो. तिथं तू नसतोस.

काल त्याला धार लावली. टूल तापलं आन् माझा हात आपसूक पाण्याच्या डब्याकडं गेला. हायस्पीडवर वीस वर्षं हेच केलं, ते सोसतं. कार्बाइड तडकतं. हात थांबवला. टूल फळीवर ठेवून निवेपर्यंत बसून राहिलो.

परश्या, पैलं कार्बाइडचं टूल तुझ्या हातात तुटलं, पण ते मोडलं मी. आदल्या सांजंला धार लावून मीच पाण्यात बुडवलं. टक्क वाजलं. बारीक रेघ दिसली. असं होतंय हे तवा म्हायत नव्हतं, पण रेघ तर दिसली होती. भ्यालो रं. मोठा कारागीर मी, माझ्या हातनं कसं झालं म्हणून. सकाळी तसंच तुला दिलं. मालकांनी तुला कामावरनं काढलं, तवा तू माझ्याकडं बघितलंस. मी लेथला तेल घालत राहिलो.

आज मालकांना समदं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला बोलीव. कार्बाइड आता त्याच्याकडं. तू हायस्पीडवर बस."

तुझा लेथ पुसून ठेवलाय. पाण्याचा डबा तिथनं हलवलाय.

मला अण्णा म्हणायचं का न्हाय, ते तू ठरव.

नागोजी